ध्यान कोणाचे? कुंभारणीच्या दृष्टांताचे रसग्रहण

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदूराजाला एक अवधूत भेटतो. जवळ काही नाही, मिळवायचे काही नाही, तरी हा माणूस इतका सुखात कसा, असे राजा त्याला विचारतो. उत्तरादाखल अवधूत आपल्या २४ गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वारा, चंद्र, सूर्य, समुद्र, अजगर, कबुतर, हत्ती, मासा, पिंगळा नावाची वेश्या, बाण घडवण्यात गढून गेलेला कारागीर, जाळे विणणारा कोळी असे सगळे त्यात येतात. यादीतला शेवटचा गुरू मात्र एक माशी आहे. मातीचे घर बांधून त्यात अळी कोंडणारी ही माशी म्हणजे आपली कुंभारीण. एकनाथांनी याच स्कंधावरची आपली टीका पैठणला आरंभली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पुरी केली. १८ हजारांहून अधिक ओव्यांच्या त्या ग्रंथाबरोबर कुंभारीणही मराठी घरात आली, ती कायमची. चातुर्मासातल्या पोथीत, भजनात आणि कीर्तनात ती आजही भेटते.

दृष्टांत थोडक्यात असा. कुंभारीण एक अळी उचलून आणते आणि भिंतीतल्या घरात कोंडते. अळीला तिचे भय असते. त्या भयाने तिला दुसरे काही सुचत नाही, डोळ्यांसमोर सतत कुंभारीणच दिसते. असे अखंड स्मरण करता करता ती अळी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते, तेही जुने शरीर न टाकता. अवधूत यातून सिद्धांत काढतो : प्रेमाने असो, द्वेषाने असो वा भीतीने, देहधारी जीव मन जिथे पूर्णपणे लावतो, त्याचेच रूप त्याला येते.

या दृष्टांताची पहिली खुबी त्याच्या काटकसरीत आहे. पात्रे दोन, जागा एक, घटना एक. कुंभारीण आत काय करते, ते सांगितलेले नाही. अळी काय खाते, किती दिवस कोंडलेली असते, हेही नाही. बंद घर आणि त्यातले एक मन, एवढ्यावर सारे उभे आहे. यादीतले इतर बहुतेक गुरू एकेकटे आहेत. इथे मात्र दोन जीव समोरासमोर आहेत आणि त्यांच्यात बळी आणि शिकारी असे नाते आहे. गुरू नक्की कोण, कुंभारीण की अळी, असा प्रश्नही वाचकाला पडतो. यादीत नाव कुंभारणीचे आहे, पण धडा मिळतो तो अळीकडून.

दुसरी खुबी रसांच्या चढणीत आहे. सुरुवात भयानकाने होते. कोंडणे, अंधार, मृत्यूची चाहूल. मग रूपांतर होते तो अद्भुत. आणि शेवटी ज्याचे भय होते तेच आपण झालो म्हटल्यावर भयाला जागाच उरत नाही, तो शांत. तीन रस एकाच श्लोकात ओवले आहेत आणि कुठेही सांधा दिसत नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला हाच दाखला देतो, तेव्हा त्याचा रोख आणखी स्पष्ट होतो. तिथे प्रश्न शिशुपालाचा आहे. जन्मभर कृष्णाला शिव्या घालणारा हा राजा शेवटी कृष्णातच कसा विलीन झाला? नारद सांगतो, गोपी प्रेमाने, कंस भयाने आणि शिशुपाल द्वेषाने, असे सगळे एकाच ठिकाणी पोचले. भीतीलाही भक्तीच्या दाराशी आणून उभे करणारा हा विचार धाडसी आहे, आणि तो पेलण्यासाठी अळीइतके दुबळे पात्रच हवे होते.

तिसरी खुबी निरीक्षणाची. हा दृष्टांत कोणी घरात बसून रचलेला नाही. भिंतीकडे बराच वेळ पाहत बसलेल्या माणसाचा तो आहे. मालवणकडच्या चिऱ्याच्या घरात, पडवीच्या वाशांवर, देवघराच्या कोनाड्यात, दाराच्या चौकटीत मातीची ही घरे आजही दिसतात. ती बांधणाऱ्या माश्यांचे ढोबळ दोन प्रकार. बारीक, लांब कमरेची एक जात मातीच्या नळ्या शेजारी शेजारी लिंपते आणि त्यात कोळी भरते. दुसरी लहानशा मडक्यासारखे घर करते, त्याला तोंडही काढते आणि त्यात पतंगांच्या अळ्या भरते. दृष्टांतातली कुंभारीण ही दुसरी. पाहणाऱ्याने काय काय पाहिले असेल? माशी अळी घेऊन आली. अळी जिवंत होती, पण हलत नव्हती. माशीने तोंड लिंपून टाकले आणि निघून गेली. बऱ्याच दिवसांनी माती फोडून बाहेर आली ती माशी. अळी कुठेच नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे. अळीचे निश्चल पडणे हे तर ध्यानस्थ बसण्याचे हुबेहूब चित्र आहे. निष्कर्ष काढायला जी एक वस्तू लागते, ती मात्र बाहेरून दिसत नाही. ती वस्तू म्हणजे अंडे.

फ्रान्समधल्या जाँ-आंरी फाब्र या शिक्षकाने कीटकांवरचे आपले ग्रंथ १८७९ ते १९०७ या काळात दहा खंडांत लिहिले. त्याने ही मडकी उघडून पाहिली. अंडे जमिनीवर नव्हते, छताला बारीक तंतूने लोंबत होते. कारणही त्याला दिसले. डंख मारून आणलेल्या अळ्या पूर्ण बधिर झालेल्या नसतात, धक्का लागला की वळवळतात. अंडे त्यांच्यात पडले असते तर चिरडून गेले असते. म्हणून माशी आधी रिकाम्या घरात अंडे टांगते आणि मगच शिधा भरते. अंड्यातून निघालेले पिल्लू वरून खाली वाकून पहिले घास घेते. पोसलेले पिल्लू पुढे कोष करते आणि माशी होऊन बाहेर पडते. म्हणजे माशी झाली ती अळी नव्हे. अळी खाऊन दुसरेच कोणीतरी झाले.

अशी गफलत एकट्या आपल्याकडेच झाली असे नाही. चीनमधल्या प्राचीन गीतसंग्रहातल्या एका उल्लेखावरून तिथे समजूत रूढ झाली होती, की या माशीला मूल होत नाही, म्हणून ती अळीला दत्तक घेऊन आपल्यासारखी करते. एकाच घटनेकडे पाहून आपल्याकडे ध्यान दिसले, तिकडे वात्सल्य. थाओ होंगचिंग नावाच्या वैद्याने इसवी सन ५०० च्या सुमारास प्रत्यक्ष पाहून सांगितले, की माशी स्वतःची अंडी घालते आणि अळ्या हा तिच्या पिल्लांचा आहार असतो. तरी दत्तकाची गोष्ट पुढे शतकानुशतके चालूच राहिली. चांगल्या दृष्टांताला खोटे पाडणे सोपे नसते, कारण लोक त्याचा वापर किड्यांसाठी करतच नसतात.

आता हाच दृष्टांत भिंतीवरून माडावर नेऊन वाचू. देवबाग, तारकर्ली, आचरा, वेंगुर्ले या पट्ट्यात समुद्राच्या आणि खाडीच्या कडेने माडांच्या वाड्या आहेत. एखाद्या उन्हाळ्यात तिथल्या माडाच्या खालच्या झावळ्या तपकिरी पडतात, विस्तवावर धरल्यासारख्या दिसतात. शेंडा मात्र हिरवा असतो. ‘माड करपलो’ म्हणून लोक पाण्याला नाहीतर खाऱ्या वाऱ्याला दोष देतात. झावळ उतरवून पात उलटी केली की खरे कारण दिसते. पातीच्या खालच्या अंगाला, हिराच्या कडेने, विष्ठेचे कण आणि रेशीम यांची गुंफलेली एक नळी गेलेली असते. ती बोटाने उकलली तर आत हिरवट तपकिरी अंगाची, लांबीभर पट्टे असलेली अळी सापडते. डोके गर्द काळपट. म्हणून तिचे नाव काळ्या डोक्याची अळी. शास्त्रात ओपिसिना अरेनोसेला. ही एका राखी रंगाच्या लहान पतंगाची पोर. पातीचा हिरवा गर खरवडून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते, आणि तो पापुद्रा वाळला की सारी झावळ करपल्यासारखी दिसते. नळीतच वाढते, नळीतच कोष करते. दृष्टांतातल्या अळीला दुसऱ्याने कोंडले होते, हिने स्वतःच स्वतःला कोंडून घेतले आहे.

या नळीत एक पाहुणी शिरते. तीन-चार मिलिमीटर लांब, काळी, चकचकीत, अंगाने जराशी चपटी. घाईत पाहणारा तिला मुंगी समजेल. नाव गोनिओझस नेफँटिडिस. ती कुंभारणीच्याच मोठ्या कुळातली, पण माती वाहण्याच्या भानगडीत न पडणारी. घर आयते, अळी आयती. आपल्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या अळीला ती डंख मारते. अळी झटके देते, माशी सुटते, पुन्हा धरते. शेवटी अळी लुळी पडते. मेलेली नसते, सडत नाही, ताजी राहते. मग माशी तिच्या पाठी-कुशीवर अंडी घालते. एका अळीवर दहा-बारा, अळी मोठी असेल तर त्याहून जास्त. अंडी उभी, अळीच्या अंगाला समांतर चिकटवलेली. दीड-दोन दिवसांत पिल्ले निघतात, अळीच्या कातडीला तोंड लावतात आणि जागेवरून न हलता शोषत राहतात. अळी दिवसेंदिवस सपाट होते आणि पिल्ले फुगत जातात. शेवटी सुरकुतलेले कातडे आणि त्याच्या शेजारी पांढुरक्या कोषांची रांग, एवढेच नळीत उरते. अंड्यापासून नव्या माशीपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. अळीला मात्र वाढायला सव्वा-दीड महिना लागतो. तिची एक पिढी पुरी होईतो माशीच्या दोन-तीन पिढ्या होतात. माशीच्या बाजूचे गणित इथेच जमते.

या माशीच्या बाबतीत विशेष गोष्ट आहे ती आईची. बहुतेक परोपजीवी माश्या अंडी घालून निघून जातात. ही जात नाही. पिल्ले कोष करीपर्यंत ती अळीपाशी पहारा देते. कारण धोका तिच्याच जातीचा असतो. दुसरी मादी नळीत आली तर ती आधीची अंडी नष्ट करून आपली घालू शकते. म्हणून दोघींची झुंज होते. पीटरसन आणि हार्डी या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की अशा झुंजीत बहुधा अंगाने मोठी असलेली मादी जिंकते. त्यामुळे प्रत्येक आईपुढे पेच असतो. एका अळीवर जास्त अंडी घातली तर वाट्याला येणारे अन्न कमी होऊन मुली लहान निपजतात आणि पुढे झुंजीत हरतात. कमी घातली तर संख्या घटते. सापडलेली अळी केवढी आहे, ते पाहून अंड्यांचा आकडा ठरतो. मुलगे तर त्यात फार थोडे ठेवलेले असतात.

कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने या माशीबद्दल आणखी एक गोष्ट कामाला लावली आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या माश्या माडावर सोडण्याआधी त्यांना मध पाजतात आणि अळीच्या नळीचा, म्हणजे त्या विष्ठेचा आणि चावलेल्या पातीचा, वास देतात. असा वास घेतलेल्या माश्या माडावर गेल्यावर अळी लवकर हुडकतात. आता दृष्टांत पुन्हा वाचा. अळी माशीचे स्मरण करत होती, असे अवधूत म्हणतो. माडावर काय घडते? स्मरण करते ती माशी. जिला शोधायचे तिचा वास मनात धरून ती झावळीझावळीतून फिरते, सापडल्यावर खिळून बसते, मध्येच उठून जात नाही, प्रतिस्पर्ध्याला जवळ फिरकू देत नाही. भयाने झालेले ध्यान अळीचे नव्हतेच. तिचा निश्चलपणा हा विषाचा परिणाम होता. मन एका ठिकाणी लागले होते ते माशीचे. दृष्टांतातल्या पात्रांची अदलाबदल करून घेतली की सिद्धांत ढळत नाही, उलट घट्ट होतो. अवधूताच्याच यादीत कुंभारणीच्या थोडे आधी तो बाण घडवणारा कारागीर येतो, ज्याच्या शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. गोनिओझस त्या कारागिराच्या पंगतीत बसणारी आहे.

तरी एक रस आपण अजून टाळला. बीभत्स. जिवंत अळीच्या अंगावर पिल्ले पोसायची, ही कल्पना डोक्यात घोळवली की अंगावर काटा येतो. चार्ल्स डार्विनला हे फार टोचले होते. मे १८६० मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले, की एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने अळ्यांच्या जिवंत शरीरात राहून त्यांना खाणाऱ्या माश्या मुद्दाम घडवल्या असतील, हे आपल्या मनाला पटत नाही. एकाच प्रकारच्या माशीकडे पाहून अवधूताला मोक्षाची वाट दिसली आणि डार्विनला ईश्वराविषयी शंका आली. दोघेही प्रामाणिक होते. अवधूताने अळीच्या मनात शिरून पाहिले, डार्विनने तिच्या शरीरात.

माडाच्या धन्याला यातले काहीच परवडत नाही. त्याला झावळ हिरवी हवी आणि नारळ धरायला हवेत. ४०-५० फुटांवरच्या शेंड्यात औषध फवारणे हे जिकिरीचे काम. फवाऱ्याने अळ्या मरतात, पण नळीत राखणीला बसलेली आईही मरते. त्यामुळे औषध मारलेच तर माश्या सोडायला काही आठवडे थांबावे लागते. फार करपलेल्या खालच्या झावळ्या तोडून जाळणे आणि मग कीड लागलेल्या प्रत्येक माडावर साधारण २० गोनिओझस सोडणे, ही कासरगोडची शिफारस. ही माशी थोड्या वाढलेल्या अळीला धरते. कोष करायला निघालेली अळी आणि तयार झालेला कोष यांच्यासाठी वेगळ्या माश्या आहेत, एलास्मस आणि ब्रॅकिमेरिया. ब्रॅकॉन नावाची आणखी एक जात अळीवरच येते. अळीच्या आयुष्याची एकेक पायरी अडवून बसलेले हे राखणदार. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे आणि वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र. बागायतदाराने सल्ल्याला कुठे जायचे, तर अशा ठिकाणी.

या माश्या पैदा करायची रीत तर दृष्टांतकाराला फार आवडली असती. त्यांना खाऊ घालायला प्रयोगशाळेत मुद्दाम दुसऱ्या एका पतंगाच्या अळ्या वाढवतात. हा पतंग म्हणजे कॉर्सिरा. तांदळाच्या कणग्यात जाळी करून ठेवणारा, घरोघरचा शत्रू. भरडलेल्या धान्यात तो वाढवायचा आणि त्याच्या जिवावर माडाचे आणि भाताचेही राखणदार पोसायचे. भाताच्या राखणदाराचे नाव ट्रायकोग्रामा. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ही माशी अळीची वाटच पाहत नाही, पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. कॉर्सिराची अशी अंडी कागदावर चिकटवून ट्रायकोकार्ड तयार होते. एका कार्डावर साधारण २० हजार. खोडकिड्याचा पतंग भाताच्या पानाच्या टोकाशी अंड्यांचा पुंजका घालून वर केसांचे पांघरूण घालतो. त्या अंड्यांतून अळी निघाली तर ती ताटात शिरते आणि गाभेमर होते. पीक निसवायच्या वेळी शिरली तर लोंबी पांढरी पळींज निघते. ट्रायकोग्रामा हे सगळे सुरू होण्याआधीच संपवते. इथे भय नाही, ध्यान नाही, अळीच नाही. दृष्टांत करायला काही हाती लागत नाही, म्हणून भागवतात तिला जागा मिळाली नसती.

मग कुंभारणीच्या दृष्टांताचे मोल किती ठरवायचे? कीटकशास्त्र म्हणून तो चुकला, हे मान्य. पण अवधूताचे बोलणे तिथे संपत नाही, आणि बहुतेक कीर्तनकार जिथे थांबतात त्याच्या जरा पुढे वाचावे लागते. २४ गुरू सांगून झाल्यावर लगेच तो म्हणतो, की माझा देहही माझा गुरू आहे. हा देह उपजतो, नासतो, सारखे दुःख भोगायला लावतो. त्याच्या साहाय्याने मी तत्त्वाचा विचार करतो, पण तो माझा नाही, परक्यांचा आहे, हे पक्के धरून मी निःसंग फिरतो. अळीचा दृष्टांत संपता संपता देह दुसऱ्याचा आहे हे वाक्य यावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. अळीच्या देहाबद्दल जे खरे होते, ते दृष्टांतात निसटले आणि लगेच पुढे माणसाच्या देहाबद्दल म्हणून सांगितले गेले. एकाचा देह दुसऱ्याचे अन्न होतो. पतंगाची अळी माडावर जगते, माशी अळीवर जगते आणि नारळावर जगणारा माणूस त्या माशीच्या उपकारावर.

म्हणून हा दृष्टांत टाकून देऊ नये. त्यात अंडे घालून वाचावा. ध्यान केल्याने अळीची माशी होत नाही, पण ध्यान देऊन पाहणाऱ्याला अळी आणि माशी दोन्ही दिसतात. माडाखालून रोज ये-जा करणाऱ्याने करपलेली पात उलटी करून नळी उकलली, आतली सुरकुतलेली कातडी आणि शेजारचे पांढुरके कोष ओळखले, तर त्या वाडीत औषधाचा पंप आणायचा की नाही याचे उत्तर त्याला मिळालेले असते.